गिनी पिगला उन्हाळी लागली तर

पिंजऱ्यात अंथरलेल्या पांढऱ्या फ्लीसवर, म्हणजे मऊ लोकरी कापडावर, सकाळी गुलाबी-तपकिरी डाग दिसला आणि आम्ही दोघांनीही तो बिटावर ढकलला. आदल्या दिवशी आमच्या गिनी पिगला, चिंगीला, बिटाच्या दोन चकत्या दिल्या होत्या. ती नेहमीसारखी खात होती, फ्रिजचं दार उघडलं की काकडीसाठी तशीच बोंब मारत होती. तिसऱ्या दिवशी मी सहज पिंजऱ्याजवळ बसले होते. चिंगी कोपऱ्यात गेली, पाठ कमानीसारखी वर केली, मागचा भाग किंचित उचलला आणि तेल न घातलेल्या बिजागरीसारखा बारीक, लांबलचक आवाज काढत दोन थेंब लघवी केली. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "उन्हाळी लागलीय तिला. धन्याचं पाणी दे."

आईचं निदान अर्धं बरोबर निघालं. उरलेलं अर्धं कळायला मला पाच आठवडे लागले, आणि त्यातला बराचसा उशीर माझा होता. तुमच्या घरी नुकताच गिनी पिग आला असेल तर हा लेख आत्ताच, तो ठणठणीत असतानाच वाचा. यातली पहिली पायरी आजार येण्याआधीची आहे.

पायरी १: निरोगी लघवी कशी असते ते बघून ठेवा

माणसाची किंवा कुत्र्याची लघवी डोळ्यांसमोर ठेवली तर गिनी पिग कायमच आजारी वाटेल. त्याची लघवी गढूळ असते. फिकट पिवळी, कधी दुधाळ, आणि वाळल्यावर कापडावर पांढरा थर सोडणारी. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात चुनखडीच. खाण्यातून आलेलं जादा कॅल्शियम गिनी पिग मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकतो. त्यातून त्याची लघवी चांगलीच क्षारीय, सामू साधारण ८ ते ९. माणसाची ६ च्या आसपास असते. क्षारीय पाण्यात चुना विरघळत नाही, तळाशी बसतो.

म्हणून पांढरा थर दिसला की घाबरायचं नाही, तो बोटांत चोळून बघायचा. तांदळाच्या पिठीसारखा मऊ लागला तर ठीक. रांगोळीसारखा कचकच लागला तर लघवीत कण जास्त झालेत, पाणी आणि खाणं तपासायला हवं. आणि तीच कचकच दुखण्यासोबत असेल तर डॉक्टर.

आठवड्यातून एकदा रात्रभर पिंजऱ्यात पांढरी जुनी चादर अंथरा. वर्तमानपत्रावर रंग कळत नाही, शाई मध्ये येते. सकाळी डाग किती, केवढे, कुठल्या रंगाचे ते एकदा नीट बघून घ्या. त्याच दिवशी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात गिनी पिग आणि त्याला गप्प बसवायला कोथिंबिरीची काडी. मोठ्या प्राण्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतं, पण नुसत्या आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर रोज वजन करायला लागा. १०० ग्रॅम उतरलं तर फोन उचला. हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, आणि काटा हे लपवणं उघडं पाडतो.

पायरी २: काय दिसलं म्हणजे संशय घ्यायचा

सगळ्यात भरवशाचं लक्षण तो आवाज. गिनी पिग दिवसभर काही ना काही बोलतच असतो, पण लघवी किंवा लेंड्या करताना ओरडणं वेगळं असतं. ते ठरावीक पवित्र्यात येतं आणि काम झालं की थांबतं. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात तो हमखास गप्प राहतो.

मग बाकीचं: थोडी थोडी, पुन्हा पुन्हा लघवी. मोठ्या डागांऐवजी चादरभर रुपयाएवढे ठिपके. मागचे केस सतत ओले, चिकट, उग्र वास. पाठ फुगवून कोपऱ्यात बसणं. अंग उचलताना पोटाला हात लागला की आक्रसणं. खाणं मंदावणं हे बहुतेक वेळा शेवटी येतं, त्यामुळे "खातोय ना, मग बरा आहे" या समजुतीवर राहू नका. मी तीन दिवस राहिले होते.

मादीला हा त्रास नरापेक्षा जास्त होतो, कारण तिचं मूत्रद्वार गुदद्वाराच्या अगदी जवळ असतं आणि लेंड्यांतले जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, सहज आत शिरतात. वय वाढलेली, जाडी झालेली, ओल्या बिछान्यात बसून राहणारी मादी असेल तर धोका आणखी. नरात संसर्ग कमी, पण खडा मूत्रनलिकेत अडकण्याची भीती मोठी. नराच्या पिंजऱ्यात पांढरा रबरासारखा तुकडा सापडला तर तो खडा समजून दवाखाना गाठू नका. ते वाळलेलं वीर्य असतं. हा प्रश्न विचारायला लोक फार लाजतात म्हणून इथेच सांगून टाकलं.

पायरी ३: रक्त की रंग?

बीट, लाल कोबी, काही पालेभाज्या यांच्या रंगद्रव्यांनी लघवी लालसर दिसू शकते. साधी लघवीसुद्धा हवेत राहिली की कधी कधी गंजासारखी होते. त्यामुळे रात्रीच्या डागावरून निर्णय नको, ताजी लघवी बघा. टबमध्ये किंवा स्वच्छ पुसलेल्या फरशीवर अर्धा-पाऊण तास सोडा, काकडीचा तुकडा द्या, थांबा.

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ताज्या डागावर दोन थेंब टाका. फेस आला तर रक्त असण्याची शक्यता मोठी. डागावर टाकायचं, प्राण्याच्या अंगावर नाही. दुसरी, माणसांसाठी मिळणारी युरिन स्ट्रिप. तिच्यावरचा फक्त रक्ताचा चौकोन बघा. प्रथिनांचा चौकोन क्षारीय लघवीत उगाच रंग बदलतो, आणि पांढऱ्या पेशींचा चौकोन प्राण्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही. माझी स्ट्रिप दोन मिनिटांत हिरवी झाली आणि बीट निर्दोष सुटलं.

रक्त आहे हे कळलं तरी ते कुठून आलं ते कळत नाही. मूत्राशयातून येऊ शकतं, मादीच्या गर्भाशयातूनही येऊ शकतं. मादी दोन-तीन वर्षांपुढची असेल, कुशीतले केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ झाले असतील, तर अंडाशयातल्या गाठींचाही विचार करावा लागतो. मोठ्या माद्यांत त्या खूप आढळतात. हे घरी ठरवायचं काम नाही.

पायरी ४: दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बाकी लेख विसरलात तरी चालेल.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक द्यायचं नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात औषधांच्या डब्यात अमोक्सिसिलिनची अर्धी पट्टी असते. पोराला चालतं, कुत्र्याला चालतं, मग या उंदराएवढ्या जिवाला चिमूटभर दिलं तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं म्हणजे प्राणी मरतो. गिनी पिगचं पचन मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीतल्या जंतूंवर चालतं. गवत तेच कुजवतात. अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की हे उपयोगी जंतू मरतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांचं विष काही दिवसांत प्राण्याला संपवतं. जुलाब दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ही सात नावं कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवा. एखाद्या डॉक्टरांनी यातलं काही लिहून दिलं तर नम्रपणे विचारा, "गिनी पिगला हे तोंडावाटे चालतं का?" कुत्र्या-मांजरांवर उत्तम काम करणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनही सवयीनं ही नावं लिहिली जातात. विचारल्याचा राग कुणी मानत नाही.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांच्या बाबतीतही तेच: स्वतःहून नाही.

आता धन्याचं पाणी. विषारी वगैरे नाही, पण त्याच्या वासानं प्राणी एरवीचं पाणीही कमी पिऊ शकतो, आणि आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. माणसाची जळजळ कमी करणारं ते गोड लाल-पिवळं सिरप लघवी क्षारीय करण्यासाठी असतं. यांची लघवी आधीच क्षारीय! लघवीच्या त्रासावर लोक सुचवतात त्या क्रॅनबेरीच्या रसात साखर फार. एवढंच करा: साधं ताजं पाणी बाटलीत आणि वाटीत दोन्हीकडे ठेवा, काकडी आणि धुऊन न पुसलेली ओली कोथिंबीर द्या, बिछाना कोरडा करा, मागचे केस मळले असतील तर नुसत्या कोमट पाण्यानं धुऊन टॉवेलनं कोरडे करा. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकू नका. कातडी जळते आणि अंग चाटताना ते पोटात जातं.

खालीलपैकी काही दिसलं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. कुंथतोय पण थेंबही येत नाही. बारा तास काही खाल्लं नाही. कान-पाय गार पडलेत, पोट टणक झालंय, दात कराकरा खातोय. लघवी तुंबणं आणि आतडं थंडावणं, दोन्ही एका रात्रीत जीव घेऊ शकतात.

पायरी ५: दवाखान्यात

सगळे प्राण्यांचे डॉक्टर गिनी पिग बघत नाहीत. गल्लीतला दवाखाना कुत्र्या-मांजरांचा, तालुक्याचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ऐकून माहीत असतं. मोठ्या शहरांत ससे-गिनी पिग बघणारे खासगी डॉक्टरही मिळतात. कुठेही निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: गिनी पिग बघता का, आणि एक्स-रे तिथेच निघतो का. हा फोन प्राणी ठणठणीत असताना करून नंबर जपून ठेवलात तर उत्तम. रविवारी रात्री नऊला नंबर शोधायची वेळ येते, असा माझा अनुभव आहे.

नेताना उपाशी ठेवू नका. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्याचं कारण नाही आणि रिकामं आतडं धोक्याचं. डब्यात गवत भरा, जोडीदार असेल तर तोही सोबत न्या. बरोबर घ्या: आवाजाचा व्हिडिओ, डागाचा फोटो, वजनाची वही, रोजच्या खाण्याची यादी.

लघवीचा नमुना घरून नेलात तर प्राथमिक तपासणीला चालतो, तोही ताजा हवा. पण कल्चरसाठी, म्हणजे नेमका कुठला जंतू आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं हे बघण्यासाठी, फरशीवरची लघवी निरुपयोगी; तिच्यात फरशीवरचेच जंतू उगवतात. डॉक्टर बारीक सुईनं थेट मूत्राशयातून लघवी घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, चिंगीनं त्यापेक्षा नखं कापताना जास्त आकांत केला होता.

आणि एक्स-रे. आमचे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, एक्स-रे काढून घेऊ. मीच म्हटलं, आधी औषध देऊन बघू. थोडे पैसे वाचवायचे होते, थोडा तिचा जीव घाबरेल म्हणून. औषध सुरू झालं, पाचव्या दिवशी आवाज थांबला, मी खूश. कोर्स संपला आणि पंधरा दिवसांत डाग परत. या वेळी एक्स-रे निघाला. काळ्या फिल्मवर ओटीपोटाच्या जागी मसुरीच्या डाळीएवढा पांढराशुभ्र ठिपका, आणि डॉक्टर त्यावर पेन टेकवून काही न बोलता माझ्याकडे बघत होते.

संसर्ग होताच, पण तो खड्याच्या आसऱ्यानं होता. औषधानं सूज उतरते, आवाज थांबतो, कोर्स संपतो आणि खडा जागच्या जागी. गिनी पिगचे खडे बहुतेक कॅल्शियमचे असल्यानं साध्या एक्स-रेत स्पष्ट दिसतात. म्हणून रक्त दिसलं असेल तर पहिल्याच वेळी एक्स-रे काढा. दुसऱ्यांदा त्रास झाला तर एक्स-रेशिवाय पुढचं अँटिबायोटिक घेऊच नका. मादी असेल तर सोनोग्राफीचंही विचारा. गर्भाशय आणि अंडाशयातल्या गाठी तिच्यात दिसतात.

पायरी ६: औषध देणं

सहसा डॉक्टर ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा एन्रोफ्लॉक्सासिन यांपैकी काही देतात. वाढत्या वयाच्या पिल्लांना एन्रोफ्लॉक्सासिन शक्यतो टाळतात, सांध्यांच्या कूर्चेवर परिणाम होतो म्हणून. दुखण्यासाठी बहुतेकदा मेलोक्सिकॅम. (गिधाडं वाचवण्यासाठी २००६ साली जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच औषध.) डोस वजनावर ठरतो, म्हणून इथे देत नाही.

पण डोस मोजायचा कसा हे सांगायलाच हवं, कारण तिथे मी चुकले. डॉक्टरांनी ०.४ मिली लिहिलं होतं. मेडिकलवाल्यानं लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज दिली. मी ४ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि दोन वेळा दिलं. त्या सिरिंजवरचे आकडे मिलीचे नसतात, युनिटचे असतात: ४० युनिट म्हणजे १ मिली. ०.४ मिली म्हणजे १६ युनिट. मी दोन वेळा पाव डोस दिला होता. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिली, तिथे हिशेब वेगळा. नवख्या माणसानं सरळ १ मिलीची, मिलीत खुणा असलेली साधी सिरिंज मागावी, सुई काढून फेकावी, आणि दवाखान्यातच डॉक्टरांकडून योग्य रेघेवर मार्करनं खूण करून घ्यावी. डोस कमी जाणं परवडलं, उलटी चूक झाली असती तर काय, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

देताना गिनी पिगला टॉवेलमध्ये पुरणपोळीत सारण भरतात तसं गुंडाळा, तोंड बाहेर. मांडीवर, पाठ तुमच्या पोटाला टेकवून. सिरिंज समोरून नाही, ओठांच्या कोपऱ्यातून, पुढच्या दातांच्या मागे. थोडं थोडं, चावायला-गिळायला वेळ देत. उताणं करून कधीच नाही, औषध फुप्फुसात जातं. लगेच नंतर ढोबळी मिरचीचा तुकडा. चार दिवसांनी चिंगी टॉवेल दिसला की मिरचीच्या आशेनं पुढे यायला लागली.

कोर्स साधारण दोन-तीन आठवड्यांचा असतो. आवाज थांबला म्हणून औषध थांबवू नका. लेंड्या मऊ झाल्या, आकार बारीक झाला किंवा खाणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. प्रोबायोटिक, म्हणजे पोटातल्या उपयोगी जंतूंचं औषध, दिलं असेल तर अँटिबायोटिकपासून एक-दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एकानं दिलेलं दुसरं मारतं. कोर्स संपल्यावर काही दिवसांनी लघवी पुन्हा तपासून घ्या.

जोडीदाराला वेगळं ठेवायची गरज नाही; हा आजार सहसा एकमेकांना लागत नाही. डाग कुणाचे ते कळण्यापुरतं तासभर वेगळं करा, पण जाळीपलीकडे एकमेकांचा वास येऊ द्या.

पायरी ७: आजारात पोट चालू ठेवा

दुखणाऱ्या गिनी पिगचं खाणं सुटलं की आतडं थांबतं, आणि मूळ आजारापेक्षा ते लवकर मारतं. वजन रोज करा. खाणं निम्म्यावर आलं तर सिरिंजनं भरवणं सुरू. क्रिटिकल केअर नावाची पावडर ऑनलाइन मिळते. नसेल तर त्याच्याच पेलेट्स, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, मिक्सरमधून काढून कोमट पाण्यात पातळ कालवा. दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ८० मिली, पाच-सहा वेळांत विभागून. पोट फुगलेलं असेल तर भरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

क जीवनसत्त्व गिनी पिगच्या शरीरात तयार होत नाही, आपल्यासारखंच. एरवी दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात वरच्या टोकाला. ढोबळी मिरची रोज, आवळ्याची किंवा पेरूची छोटी फोड अधूनमधून. पाण्यात थेंब टाकण्याची ड्रॉप्स विकतात, ती घेऊ नका: जीवनसत्त्व पाण्यात लवकर नासतं आणि चव बदलल्यानं पाणी पिणं घटतं.

खडा निघालाच तर

बारीक खडा मादीत कधी कधी आपोआप पडतो, किंवा मूत्रद्वाराशी आलेला असेल तर डॉक्टर भूल देऊन ओढून काढतात. मोठा असेल तर शस्त्रक्रिया. औषधानं हे खडे विरघळत नाहीत; विरघळतात असं सांगून कुणी काढा विकत असेल तर पैसे वाचवा. शस्त्रक्रियेत धोका असतो, खडा परत होण्याची शक्यताही बरीच असते. ही दोन्ही माहिती आधी मागून घ्या. चिंगीचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी तिनं गवताला तोंड लावलं.

पुन्हा होऊ नये म्हणून

इथे सगळा खेळ गवताचा. खाण्याचा मोठा हिस्सा, ताटातलं ऐंशी टक्के म्हणा, सुकं गवत हवं: टिमोथी, ओट, ऱ्होड्स, किंवा स्वच्छ जागेच्या सुकवलेल्या दूर्वा. आणि आता माझा घोळ. टिमोथी महाग पडतं म्हणून मी मंडईजवळच्या वैरणवाल्याकडून हिरव्यागार जुड्या आणायचे. तो त्याला "लसूण घास" म्हणायचा. त्याचा लसणाशी काही संबंध नाही. लसूण घास म्हणजेच अल्फाल्फा, म्हणजेच ल्युसर्न. दुभत्या जनावरांना देतात ते, प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर असलेलं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला, गाभण मादीला ते चालतं. चिंगी आठ महिने रोज एक जुडी फस्त करत होती. डॉक्टरांनी खाण्याची यादी वाचली आणि त्या ओळीवर गोल केला. पेलेट्सच्या पिशवीवरही पहिला घटक अल्फाल्फा आहे का बघा.

पालक रोज नको, त्यात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा बनवू शकणारा घटक, जास्त. कोथिंबीर, काकडी, ढोबळी मिरची, लेट्यूस आलटून पालटून. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर फिल्टरचं द्या. भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर पाणी जड समजा. शरीरातलं कॅल्शियम कमी करायचं म्हणून सगळंच बंद करू नका, दात जन्मभर वाढतात आणि हाडांनाही ते लागतं.

उरला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लीस वाळत नाही, आणि अर्धवट ओलं फ्लीस अंथरलं की मादी दिवसभर लघवीत बसल्यासारखीच. मी आता पाच संच ठेवलेत, पंख्याखाली दोरी बांधलीय, आणि इस्त्री फिरवल्याशिवाय पिंजऱ्यात घालत नाही. फ्लीसखाली जुन्या टॉवेलचे दोन थर असले की वरचं कापड कोरडं राहतं. रोज लेंड्या झाडायच्या, चार दिवसांत पूर्ण बदलायचं, माशा बसू द्यायच्या नाहीत. ओल्या मागच्या भागात माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या दिसतात. गवताची पिशवी जमिनीवर ठेवली की तिला बुरशीचा वास येतो. आमची माळ्यावर, झाकणाच्या डब्यात असते, आणि डबा उघडल्याचा आवाज चिंगी दोन खोल्यांपलीकडून ओळखते.